डाव्या हाताची पकड

१

कोपऱ्यावरचं ते केस कापायचं दुकान दोन खुर्च्यांचं होतं, पण माणूस बसायचा एकाच खुर्चीवर. दुसरी खुर्ची वडिलांची. ते जाऊन अकरा महिने झाले होते, तरी त्यांचा मुलगा रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसायचा आणि गिऱ्हाइकांना बाकावर ताटकळत ठेवायचा. "ती काय शोभेला ठेवलीयस?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "मोडलीय." मोडलेली बिलकूल नव्हती. या मुलाला सगळा रस्ता कारागीर म्हणायचा, तर आपणही कारागीरच म्हणू.

वडिलांनी त्याला धंदा शिकवला तो कात्रीपासून नव्हे, डाव्या हातापासून. कात्री काय, शिंपीही चालवतो. डोकं धरतो तो डावा हात, आणि माणूस परत येतो तो त्या हाताकडे, असं त्यांचं ठाम मत होतं. अंगठा डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली, चार बोटं टाळूकडे पसरलेली, तळवा टेकलाय न टेकलाय एवढाच. याला ते पकड म्हणायचे. "डोकं वळवायचं नसतं रे. पकड बरोबर बसली की ते आपलं आपण वळतं. गिऱ्हाइकाला कळलं की आपलं डोकं कुणी वळवलं, तर समज तू कच्चा." शिकवायची रीतही त्यांची स्वतःची. आधी कित्येक महिने रोज संध्याकाळी मुलाच्या डोक्यावर पकड ठेवायची, म्हणजे ती कशी असते ते डोक्याला कळतं. डोक्याला कळलं की हाताला सांगावं लागत नाही. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी तरुणपणी वस्तऱ्याने अर्ध्यातून गेली होती, त्यामुळे ती पकड साडेचार बोटांची. पण काय हात होता! भांडत आलेला माणूससुद्धा त्या हाताखाली पेंगायला लागायचा.

दुसरी शिस्त चाचपणीची. कात्री लावण्याआधी डोळे मिटून सगळ्या डोक्यावरून बोटं फिरवायची. कुठे फोड आहे, कुठे चामखीळ, कुठे लहानपणी पडल्याची खूण, हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर वस्तरा अडतो आणि रक्त येतं. वीस वर्षांत कारागिराच्या बोटांखालून काय काय गेलं होतं! कोंड्याच्या खपल्या, घामाने आलेल्या पुटकुळ्या, आत वळलेल्या केसाची टोचरी पुळी, चरबीची मऊ गाठ, वाटाण्यासारखी घट्ट गाठ. चेहरा विसरेल, पण डोकं विसरायचा नाही.

म्हणून पोस्टमनच्या डोक्यावर त्या दिवशी त्याची बोटं थांबली. पंधरा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, डोक्याचा कानाकोपरा पाठ. आणि मागच्या उंचवट्याखाली, बरोबर जिथे अंगठा ठेवायचा तिथे, एक टेंगूळ.

"कुठे आपटलात का?"

"मी? छे. का रे?"

"इथे गाठ आलीय. दुखते?"

पोस्टमनने हात मागे नेऊन चाचपलं. "अरे हो की. नाही बुवा दुखत. अक्कल जास्त झाली असेल, मावेना आत."

दोघंही हसले आणि कारागिराने केस कापले. अंगठा मात्र सगळा वेळ त्या टेंगळावरच होता, कारण अंगठ्याला दुसरी जागाच माहीत नव्हती.

२

त्याच आठवड्यात शाळेतले मास्तर आले, मग बेकरीवाला. दोघांनाही एकेक गाठ, आणि जागा तीच. मास्तरांचं डोकं लांबट आणि बेकरीवाल्याचं गोल, तरीही तीच.

कारागिराच्या मनात पाल चुकचुकली. त्याला वाटलं ते कुठल्याही प्रामाणिक कारागिराला वाटेल तेच: आपल्या हत्यारांतून काहीतरी पसरतंय. बाहेर हे फुटलं तर दुकानाला कुलूप लावायची वेळ. त्याने त्याच दिवशी कंगवे उकळले, जुने टॉवेल फेकले, प्रत्येक माणसाला नवं ब्लेड सुरू केलं. मशीनचं तोंड औषधात बुडवून ठेवलं. दुकानाला इस्पितळाचा वास यायला लागला.

"अहो, केस कापता की अपेंडिक्स काढता?" बायको डबा द्यायला आली तेव्हा नाकाला पदर लावत म्हणाली. ती घरी शिवणकाम करायची, आणि तिच्या जिभेलाही सुईचंच टोक होतं. त्याने तिला काही सांगितलं नाही.

डॉक्टरांकडे मात्र गेला. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून बसायचे. डोक्यावर एकही केस नाही, त्यामुळे त्यांना कारागिराची गरज कधी पडली नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डोक्याच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी खूप. केसाच्या मुळाशी जंतू शिरले की पुटकुळी येते. ग्रंथीचं तोंड बुजलं की आत साचत जातं आणि गाठ होते. बहुतेक गाठी बिनधोक. कोमट पाण्याचा शेक, औषधी शाम्पू, नखं लावायची नाहीत आणि कुणी काही झालं तरी फोडायची नाही. वाढली, दुखली, पाणी आलं, तर माझ्याकडे पाठवायचं."

"पण तीन माणसांना एकाच जागी, डॉक्टरसाहेब?"

"तुम्ही डोकं तिथेच धरता ना? दर वेळी दाब, दर वेळी घर्षण. त्यात नवल काय?"

पटण्यासारखं होतं. कारागीर बरा झाल्यासारखा परत आला. तरी दुसऱ्या दिवशी, दुकानाला सुट्टी होती तेव्हा, नेहमीप्रमाणे ठकू न्हाणीघरात पाटावर येऊन बसली आणि त्याचे हात थबकले. ठकू म्हणजे त्याची मुलगी, आठ वर्षांची, एकुलती एक. कंबरेपर्यंत केस. ते धुवायचं काम ती रांगत होती तेव्हापासून बापाचं. त्याच पकडीने डोकं धरायचा, म्हणजे साबण डोळ्यांत जात नाही आणि मान आपसूक मागे झुकते. जगात त्याला काय सर्वांत आवडतं असं कुणी विचारलं असतं, तर त्याने हे ओलं, गरम, छोटं डोकंच सांगितलं असतं.

त्याने डोळे मिटून चाचपलं. एकदा, मग परत एकदा. काही नव्हतं. कातडी सपाट.

"बाबा, गुदगुल्या होतात!"

"ऊठ. आजपासून आई धुवेल."

"का?"

"सांगितलं ना एकदा!" तो इतक्या जोरात म्हणाला की बाहेरचं शिलाई मशीन थांबलं. ठकू ओल्या केसांनी तशीच उठून गेली, आणि त्याला स्वतःचाच राग आला. पण जे काही असेल ते या डोक्याला लागता कामा नये. बाकी दुनियेचं काहीही होवो.

३

तीन आठवड्यांनी पोस्टमन परत आला. शाम्पू लावला होता, शेक घेतला होता, सगळं शिस्तीत केलं होतं.

कारागिराने चादर बांधली, डोळे मिटले आणि चाचपणीला हात ठेवला. हात सवयीने पकडीतच पडला. अंगठ्याखाली टेंगूळ होतं, ते त्याला माहीत होतं. तर्जनीखालीही एक होतं. मधल्या बोटाखाली एक, त्याच्या पुढच्या बोटाखाली एक आणि करंगळीखाली बारीकसं एक.

पाच. प्रत्येक बोटाच्या पेराखाली बरोबर एक. ना इकडे, ना तिकडे. वर पाच टोकं आणि खाली पाच टोकं, काचेच्या दोन बाजूंनी दोन माणसांनी हात टेकवावेत तशी.

रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. भिंतीवरच्या पंख्याची टकटक चालली होती. कारागीर स्वतःला समजावत होता: पुटकुळ्या आहेत, पाच आहेत, हात पाच बोटांचा असतो, दाब पडतो तिथे येतात, डॉक्टर म्हणालेच होते. शहाण्या माणसाने एवढ्यावर थांबावं. पण माणसाची खोड, त्याने अंगठा किंचित दाबला.

खालून परत दाब आला. अगदी हलका. जेवढा याने दिला होता तेवढाच.

त्याने हात काढला. नाडी असेल, त्याला वाटलं. डोक्यात काय थोड्या शिरा असतात! पण नाडी ठोके देते. हे एकदाच होतं, आणि ते उत्तर होतं.

"काय रे, थांबलास का?" पोस्टमन पेंगुळलेल्या आवाजात म्हणाला. "ठेव ना हात. बरं वाटत होतं."

४

पुढचे दिवस कारागिराने शर्थ केली. मास्तरांना पाच झाल्या, बेकरीवाल्याला चार आणि पाचवी होऊ घातलेली. आता हत्यारं उकळण्यात काही अर्थ नव्हता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असलाच तो प्रकार. हत्यारं दर वेळी नवी होती आणि हात मात्र तोच होता.

मग त्याने पकड बदलली. वीस वर्षांची सवय मोडून हात दोन बोटं उजवीकडे सरकवला. डोकी अडखळत वळू लागली, मास्तर दोनदा "अरे, मान!" म्हणून ओरडले. पंधरा दिवसांनी मास्तर फक्त कल्ले नीट करायला आले तेव्हा त्याने चाचपलं. जुन्या जागी कातडी सपाट होती, कधी काही नव्हतंच अशी. पाचही गाठी दोन बोटं उजवीकडे होत्या.

त्याने रबरी हातमोजे घातले. बाकावर बसलेल्यांनी खूप हसून घेतलं. "कारागीर, आम्हाला वास येतो का रे?" एकाने विचारलं. मोज्यांतूनही त्याला पाच टोकं जाणवली. उलट मोज्याच्या आत बोटं घामेजायची तेव्हा कोणती टोकं आपली आणि कोणती खालची, हे क्षणभर कळेनासं व्हायचं. त्याने मोजे काढून टाकले.

दुकान बंद करावं असं त्याला वाटलं नाही का? वाटलं तर. पण लोकांना सांगायचं काय? वैताग असा की कुणाला काही दुखत नव्हतं, उलट गिऱ्हाइकं वाढली होती. महिन्यातून एकदा येणारे पंधरवड्याने येऊ लागले. केस वाढलेलेही नसायचे. येऊन बसायचे, डोकं मागे टेकायचे आणि वाट बघायचे.

घरी ठकू त्याच्याशी बोलत नव्हती. आई तिचे केस विंचरायची, तेव्हा ती मुद्दाम बापाकडे पाठ करून बसायची.  तरी तो हात खिशात घालून जेवणाची वाट बघत बसायचा.

"एवढं काय झालंय हो तुम्हाला?" बायकोने एकदा विचारलं. "पोरीवर कसला राग?"

"राग नाही गं. हाताला काहीतरी झालंय. कातडीचं. तिला लागायला नको."

बायकोने त्याचा डावा हात ओढून उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला. हात स्वच्छ होता. फक्त अंगठ्याच्या नखावर मसुराएवढा काळा डाग होता. मागच्या महिन्यात शटर खाली ओढताना चेमटलं होतं त्याचा. "काही नाही झालेलं," ती म्हणाली. "मनाचे खेळ आहेत. बाबा गेल्यापासून तुम्ही असेच झालायत."

५

आता त्याच्या हातून झालेल्या चुकीची गोष्ट. पोस्टमनच्या कचेरीने सायकलवर हेल्मेट सक्तीचं केलं, आणि हेल्मेटची मागची कड बरोबर त्या अंगठ्याखालच्या गाठीवर बसायला लागली. दिवसभर घासून ती लाल झाली. एका दुपारी, दुकानात दुसरं कुणी नसताना, तो आला आणि खुर्चीत बसत म्हणाला, "फोडून टाक."

"डॉक्टरांकडे जा."

"डॉक्टर तारीख देणार, टाके घालणार, आठवडाभर बसवणार. तुझे वडील फोडायचे की! माझं मानेवरचं गळू त्यांनी दोन मिनिटांत मोकळं केलं होतं. त्यांना जमायचं, तुला नाही जमत?"

हे शेवटचं वाक्य कुठल्याही कारागिराला जिव्हारी लागतं. शिवाय, खोटं कशाला बोला, त्यालाही बघायचं होतं. महिनाभर बोटांनी बघितलं होतं, आता डोळ्यांनी बघायचं होतं. कुणी काही झालं तरी फोडायची नाही, हे डॉक्टरांचे शब्द आठवत असतानाच त्याने दार लोटलं, तेवढ्या जागेवरचे केस काढले, कापसाने औषध लावलं आणि नवं ब्लेड घेतलं. डाव्या हाताने त्याने डोकं धरलं नाही. नुसतं दोन बोटांनी कातडं ताणलं.

चीर अर्ध्या इंचाची. रक्त फार आलं नाही. पूही आला नाही. कातडीचे दोन ओठ बाजूला झाले आणि आत काहीतरी कठीण, फिकट, गोलसर कडेचं दिसलं. त्याने दिवा जवळ ओढला. कड गुळगुळीत होती. तिच्यावर मसुराएवढा काळा डाग होता.

त्याने नकळत स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. परत चिरेत पाहिलं, तेव्हा ते आत सरकत होतं. घाई न करता, दार किलकिलं करून बघणारा माणूस मागे होतो तसं. मग चिरेत नुसतं लाल मांस राहिलं.

"झालं?" पोस्टमन म्हणाला.

कारागिराने कापूस दाबून धरला.  पट्टी बांधून त्याने पोस्टमनला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं आणि कबूल केलं. डॉक्टर भडकले, आणि बरोबरच होतं ते. खडसावता खडसावता त्यांनी जखम तपासली, साफ केली, दोन टाके घातले.

"आत काय होतं?" कारागिराने विचारलं.

"काही नाही. रिकामी पिशवी."

"मला काहीतरी कठीण दिसलं. नखासारखं."

"मग बरोबर दिसलं. अशा गाठीत जे साचतं ना, ते आणि नख, दोन्ही एकाच पदार्थाचं असतं. पुन्हा माझ्या पेशंटला ब्लेड लावाल तर पोलिसांत देईन." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तुम्ही झोपत नाही का नीट?"

एवढं साधं उत्तर मिळाल्यावर माणसाने सुटकेचा श्वास टाकायला हवा. कारागिराने टाकलाही. पण रस्त्यात आल्यावर त्याला डागाची आठवण झाली. साचलेल्या पदार्थावर डाग कशाने पडतो, ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

६

त्या संध्याकाळी त्याने दुकान लवकर बंद केलं आणि घरी येऊन बायकोसमोर जमिनीवर बसला.

"माझं डोकं बघ."

वडील होते तोवर त्याचे केस तेच कापायचे. ते गेल्यापासून त्याने कुणाला डोक्याला हात लावू दिला नव्हता. मानेवर रुळायला लागले की बायको तिच्या कापडाच्या कात्रीने टोकं छाटायची. जन्मभर दुसऱ्यांची डोकी चाचपणारा हा माणूस, पण स्वतःचं डोकं अंघोळीला साबण लावण्यापलीकडे त्याला ठाऊक नव्हतं.

तिने केसांत बोटं घातली. "काय बघू?"

"गाठी आहेत का?"

"आहेत की. त्या तर पहिल्यापासूनच आहेत."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे लग्न झालं तेव्हापासून. मला वाटलं जन्मतःच असतील. चार चांगल्या ठसठशीत आणि ही एक कडेची, खालीच राहिलेली. बारकी. का हो?"

 त्याने स्वतःचा डावा हात मागे नेला आणि बोटं लावून पाहिली. बसेनात. अंगठा बसला तर बाकीची पोहोचेनात. जागा लांब लांब होत्या. मोठ्या हाताच्या होत्या, आणि त्या हाताची करंगळी अर्धी होती.

त्याला वडिलांची फार मायेने आठवण आली. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर दोघं बसायचे, डोक्यावर तो मोठा, ऊबदार हात, आणि "कळतंय का रे डोक्याला?" हा प्रश्न. त्याने तेव्हा दर वेळी "हो बाबा" म्हटलं होतं. वडिलांना हे ठाऊक होतं का, की त्यांच्या डोक्यावरही कुणाचा तरी हात होता? विचारायला ते उरले नव्हते.

तेवढ्यात त्याचं डोकं डावीकडे वळलं.

त्याने वळवलं नव्हतं. बायकोचे हात तर केव्हाच मांडीवर परत गेले होते. ओढ लागली नाही, धक्का नाही, नुसती मान अलगद वळली, आणि वळून झाल्यावर त्याला कळलं. कच्च्या कारागिराचं काम नव्हतं ते.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही," तो म्हणाला. आणि मग पुटपुटला, "ठकूला मी वेळेत सोडलं. नशीब."

७

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही. उघडायचंच नाही असं ठरवून टाकलं. बेकरीत काम मिळेल, कुठे पहारेकरी होता येईल. हाताने डोकं धरायचं नाही एवढं काम कुठेही मिळतं. वडिलांपासून आपल्यापर्यंत आलं, आपल्यापाशी थांबलं. या विचाराने त्याला कित्येक दिवसांनी भूक लागली.

दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. बायको खिडकीपाशी मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. ठकू शाळेतून येऊन जमिनीवर बसली होती. तो तिच्यापासून हातभर अंतरावर जाऊन बसला.

"बाबा, तू माझ्यावर रागावलायस?"

"नाही गं राणी. मुळीच नाही."

"मग केस का धुत नाहीस?"

"माझ्या हाताला बरं नाही."

ठकूने जरा विचार केला. "असू दे," ती मोठ्या मनाने म्हणाली. "नाही धुतलेस तरी तू धरतोसच की रोज."

"कुठे धरतो? मी तर हातसुद्धा लावला नाही तुला."

तिने आपला हात डोक्यामागे नेला आणि अंगठ्याच्या जागी बोट ठेवलं. "इथे. शाळेत फळ्याकडे लक्ष नसलं ना, की तू वळवतोस."

मशीन चालू होतं. कारागिराला ते फार लांबून ऐकू येत होतं. तिच्या केसांत हात घालून बघावं असं त्याला वाटलं आणि तो हात त्याने मांडीखाली दाबून धरला.

"मला पण येते आता पकड," ठकू म्हणाली. "तू शिकवली नाहीस, पण माझी मीच शिकले. आईला विचार हवं तर."

बायको मशीन न थांबवता हसली. "येते म्हणजे? महिना झाला, रोज दुपारी माझ्या पाठीशी उभी राहून दुकान-दुकान खेळते. बाप धरत नाही तर ही माझं डोकं धरते. हात पण तसाच हो हिचा, अगदी तुमच्या बाबांसारखा हलका. मला तर शिवता शिवता झापड येते." मग मानेमागे खाजवत म्हणाली, "तेवढं आज डोकं बघा माझं. कोंडा झालाय की काय कुणास ठाऊक, मागे बारीक बारीक पुटकुळ्या आल्यात."

तो उठला. चार पावलांचं अंतर. त्याने डोळे मिटले नाहीत, उजव्या हातानेच तिचा अंबाडा उचलला आणि केस बाजूला केले. होत्या. पाच, अगदी जवळ जवळ, त्याच्या एका तळव्यात सगळ्या मावतील एवढ्याशा जागेत.

डोकं वाचवायच्या नादात त्याने पोरीच्या हाताचा विचारच केला नव्हता.

"बाबा," मागून ठकूचा आवाज आला, खासगीतलं काही विचारावं तसा हळू. "आपण दाबलं की ते परत दाबतात, तुला पण?"

त्याने मागे पाहिलं. ठकू जागची हलली नव्हती, भिंतीला टेकून बसली होती, आईपासून चांगली लांब. तिचा डावा हात मांडीवर उताणा होता, बोटं अर्धवट मिटलेली, जणू एखादा चेंडू धरलाय. खेळता खेळता तिने मनगट जरासं फिरवलं.

मशीन थांबलं. त्याच्या पाठीमागे बायको काहीतरी म्हणायला लागली आणि तिचा आवाज बोलता बोलता दुसऱ्या दिशेला गेला, मान वळल्यावर जातो तसा.

"अगं, थांब," तो म्हणाला. "ठकू, सोड."

बायकोकडे बघायला म्हणून तो वळला. पण तिच्यापर्यंत त्याची नजर पोहोचलीच नाही. त्याचं डोकं मध्येच अलगद फिरलं आणि कोऱ्या भिंतीसमोर स्थिर राहिलं. मुलाने बघू नये असं काही समोर आलं की वडील असंच करायचे. त्याने मान सोडवायचा प्रयत्न केला. हात हलका होता, पण सुटण्यासारखा नव्हता.